ई-20 पेट्रोल आणि जुनी बुलेट: जेट बदलल्यावरचे काही महिने

माझ्याकडे 2004 सालची, कास्ट आयर्न इंजिनची बुलेट 350 आहे. कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, मिकुनी या जपानी कंपनीच्या पद्धतीचा, व्हीएम 24 मॉडेलचा. गेल्या पावसाळ्याआधी तिचे पायलट आणि मेन असे दोन्ही जेट (बारीक भोकातून मोजून पेट्रोल सोडणारे पितळी तुकडे) बदलले. पाऊस, थंडी आणि ऊन अशा तिन्ही दिवसांत पुण्याच्या रहदारीत आणि घाटात गाडी चालवून झाल्यावर आता लिहितोय. नवीन जेट टाकल्यावर पहिला आठवडा प्रत्येकालाच गाडी हलकी वाटते, त्या आठवड्यातल्या मतावर कुणी पैसे घालू नयेत.

तक्रारी अशा होत्या. सकाळी चोक बराच वेळ ओढून ठेवावा लागायचा. सिग्नल सुटल्यावर मूठ पिळली की गाडी क्षणभर अडखळायची आणि मग उचलायची. उतारावर मूठ सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके वाजायचे. स्पार्क प्लग काढला तर पांढुरका. ही सगळी लक्षणं एकाच दिशेला बोट दाखवतात: हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय.

कारण इंधनातच आहे. 2022 मध्ये आपल्याकडे पेट्रोलमधलं इथेनॉल 10 टक्क्यांवर गेलं, 2023 च्या फेब्रुवारीपासून काही पंपांवर ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, यायला लागलं आणि 2025 पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोहोचलं. पूर्ण जळण्यासाठी 1 किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9 किलो. ई-20 चा हिशोब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने जवळपास 9 टक्के, लिटरच्या मापात 7 ते 8 टक्के जास्त इंधन हवं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून दुरुस्ती करतो. कार्ब्युरेटरला ते कळायचा मार्गच नाही, भोक जेवढं तेवढंच तो देणार.

माझी खात्री पटली ती पसरणीच्या घाटात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, महाबळेश्वर 1,370 च्या आसपास. वर हवा विरळ, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण थोडं दाट होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढतं. पाचगणीच्या पुढे गाडीचं अडखळणं स्पष्ट कमी व्हायचं आणि वाईला उतरलं की परत सुरू. एरवी चढावर घुसमटणारी जुनी गाडी वर जाऊन सुधारते, याचा अर्थ खाली तिला पेट्रोल अपुरं पडतंय. इंधनामुळे आलेली तूट विरळ हवेने काही अंशी भरून निघत होती.

तरी जेटला हात लावण्याआधी बाकीचं तपासून घ्यायलाच हवं. एअर फिल्टर, टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक), ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं अंतर, ठिणगीचं टायमिंग, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कार्ब्युरेटर आणि इंजिनचं हेड यांच्यामधून हवा ओढली जात नाही ना. तिथलं पॅकिंग दबलं असेल तर हीच सगळी लक्षणं दिसतात आणि माणूस उगाच जेटमागे जेट बदलत बसतो. कार्ब्युरेटरच्या वाटीतली पेट्रोलची पातळी ठरवणाऱ्या फ्लोटची उंचीही पाहावी. वाटीतली पातळी खाली असेल तर मूठ कुठेही असो, पेट्रोल कमीच मिळतं.

आता पायलट. पुण्यात गाडी चालवणाऱ्याचा बहुतेक वेळ मूठ जेमतेम उघडण्यात जातो, म्हणून खरा फरक इथेच पडतो. आयडलिंगपासून पाव मुठीपर्यंतचं बरंचसं काम पायलट जेट आणि एअर स्क्रू मिळून करतात. इंजिन चांगलं गरम करायचं, एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवायचा आणि दीड फेरा बाहेर काढायचा. मग थोडा थोडा आतबाहेर करत आयडलिंग सगळ्यात चढं कुठे लागतं ते शोधायचं. ती जागा एका फेऱ्याच्याही आत सापडली तर पायलट लहान पडतोय. अडीच फेऱ्यांच्या पुढे गेली तर मोठा आहे. माझ्या गाडीत स्क्रू जवळजवळ बंद केल्यावर ती सुखाने फिरायची. आतला पायलट 25 चा होता, तिथे 27.5 चा टाकला आणि स्क्रू दीड फेऱ्याच्या आसपास येऊन थांबला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. व्हीएममध्ये हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो आणि हवा सोडतो, म्हणून बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत, डायफ्रामवाल्या कार्ब्युरेटरवर, तो इंजिनच्या बाजूला असतो आणि इंधन सोडतो. तिथे सगळं उलटं. शेजारच्या पल्सरवाल्याचा सल्ला बुलेटला लावू नका.

मेन जेट 90 नंबरचा निघाला, त्याजागी 95 चा. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा इंधनाच्या प्रवाहाचा असतो, त्यामुळे 90 वरून 95 म्हणजे प्रवाहात साडेपाच टक्के वाढ. वरच्या हिशोबाच्या हे बरंच जवळ आहे. केहिन या दुसऱ्या कंपनीच्या जेटवरचा आकडा भोकाच्या व्यासाचा, तो इथे चालत नाही. आणि माझे आकडेही जसेच्या तसे उचलू नका, आधी आपल्या गाडीतून काय निघतं ते वाचा. मेनचा परिणाम पाऊण मुठीच्या पुढेच कळतो. खंबाटकीच्या चढाला गाडी आता एका सुरात ओढते.

मुठीबरोबर वरखाली होऊन पेट्रोलची वाट उघडणाऱ्या निडलची (सुईची) क्लिपही एक खाच खाली घेऊन पाहिली. क्लिप खाली म्हणजे निडल वर, म्हणजे मधल्या टप्प्यात जास्त पेट्रोल. साठच्या वेगाला गाडी जड वाटायला लागली आणि प्लग काळा पडला, म्हणून क्लिप परत मधल्या खाचेत. जुन्या गाडीत निडल ज्यात सरकते ते पितळी नळकांडं झिजून मोठं झालेलं असतं आणि मधला टप्पा आपोआपच दाट असतो. माझ्याही गाडीत तसंच असावं.

काही महिन्यांनंतरची स्थिती: थंडीत चोक मिनिटभरात सोडता येतो. सिग्नलवरचं अडखळणं पूर्ण गेलं. फटाके खूप कमी झाले. अ‍ॅव्हरेज मात्र वाढलं नाही, लिटरला 35 च्या आसपास होतं ते किंचित उतरलंच. ई-20 मध्ये मुळात ऊर्जाच कमी, त्यामुळे पेट्रोल वाचवायला म्हणून हे काम कुणी करू नये. इंजिन नीट चालावं, अति तापू नये, यासाठी करावं. पीयूसी करताना पावतीवरचा सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा मुद्दाम पाहिला. या वयाच्या गाडीला मर्यादा 3.5 टक्के आहे आणि आकडा तिच्या बराच आत आला. ती तपासणी आयडलिंगलाच होते, म्हणून पायलट जास्त मोठा झाला का ते बघायचं हे सगळ्यात स्वस्त साधन आहे.

जेट घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. बिननावाच्या पाकिटातला एक 95 चा जेट मी उजेडात धरला तर भोकाच्या कडेला पितळेचं कुसळ होतं. असा जेट आकड्याप्रमाणे पेट्रोल देत नाही. तार घालून भोक साफ करणाऱ्या मेकॅनिकला तिथेच थांबवा. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, आणि मग वर कोरलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो.

गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी करून ठेवा. इथेनॉल ओलावा ओढतं, आणि पायलटचं भोक इतकं बारीक असतं की तळाशी साचलेला थोडासा गाळही ते बंद करतो.