पायपेटी दुरुस्ती, फोंडा : नवीन पाळकसाहेब यायच्या आत आमच्या चर्चची पेटी वाजायला लागली

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली लिहिलंय, पण जुनी पायपेटी (पायडल मारून वाजवायची हार्मोनियम) घरात, देवळात, चर्चमध्ये कुठेही पडून असेल तर भंगारात घालायच्या आधी फोंड्याला दाखवून आणा एवढं पहिल्यांदा सांगते.

आम्ही वास्कोचे. मंडळी लहान, पस्तीसेक घरं. बहुतेकांचे आईवडील नाहीतर सासूसासरे 1961 नंतर बंदरात, रेल्वेत, नेव्हीत नोकरी लागली म्हणून मिरज, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडून आलेले, त्यामुळे उपासना मराठीत. इथे चर्च म्हटलं की कॅथलिकांची इगर्ज आणि पाद्रीच डोळ्यासमोर येतात, आम्ही प्रोटेस्टंट, आमच्याकडे पाळक असतात आणि ते बायकामुलांसकट राहतात हे शेजाऱ्यांना अजून समजावून सांगावं लागतं. आधीच्या साहेबांची बदली झाली आणि दहा महिने जागा रिकामी. महिन्यातनं एकदा बाहेरचे पाळक येऊन प्रभुभोजन देऊन जायचे, बाकीचे रविवार आम्हीच कसेबसे चालवले. आता जूनमध्ये नवीन साहेब येतायत कळल्यावर सगळे कामाला लागले, पाळकांच्या घराला रंग, मोरीचे नळ, मुलांच्या शाळेची चौकशी, महिला मंडळाने पडदे शिवले, जेवणाला शागुती का तांबडा रस्सा ह्यावर तर दोन मीटिंगा झाल्या.

मला काळजी गाण्याची होती. कीबोर्ड वाजवणारा मुलगा नोकरीला पुण्याला गेला तेव्हापासून आम्ही मोबाईलवर ट्रॅक लावून स्पीकर जोडत होतो आणि ट्रॅक कुणासाठी थांबत नाही ना, आमच्या म्हाताऱ्या बायका ओळीच्या मध्ये श्वास घेतात तोवर ट्रॅक पुढच्या ओळीवर, मग हळूहळू लोकांनी तोंडच उघडायचं सोडलं. दहा महिन्यांत भिंतींचा रंग जेवढा उडाला नाही तेवढं आमचं गाणं उडालं. नवीन माणूस पहिल्या रविवारी दारातनं आत येणार आणि त्याला मोबाईल ऐकू येणार, हे मला सहन होत नव्हतं.

पेटी मागच्या खोलीत होती. मिशनच्या काळातली, घडी घालता येणारी, 49 पट्ट्यांची, माझ्या सासूबाई वीस वर्षं वाजवायच्या. एका दुकानात (नाव लिहीत नाही) फोटो दाखवला तर न बघताच म्हणाले की ह्यात काही राहिलं नाही, नवीन कीबोर्ड घ्या, जुनी आम्ही उचलून नेतो. माझं माहेर मिरजेचं, सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतनं शाळेत गेलेय, तडकलेला भोपळा जोडून तंबोरा परत बोलताना ऐकलाय, त्यामुळे हे काही पटलं नाही. शेवटी शेजारच्या भजनी मंडळातल्या काकांनी फोंड्याचा पत्ता दिला. म्हणाले, सप्ताहाच्या आधी आमच्या सगळ्या पेट्या तिथेच जातात.

पेटी दुरुस्त करणारे फोंड्याचे काका घराच्या पडवीतच काम करतात. बोर्ड नाही, एका बाजूला भजनाच्या हातपेट्या, दुसऱ्या बाजूला जत्रेतल्या संगीत नाटकांच्या दोन पायपेट्या. चर्चची पेटी त्यांच्याकडे पहिल्यांदाच आली होती. त्यांनी मागची फळी काढली, टॉर्च मारला, एकेक सूर (आवाज देणारी पितळी जीभ) आकड्याने बाहेर ओढून बघितला आणि म्हणाले, "पेटी बरी आसा, बाय." मला तिथेच रडू आलं.

बिघाड काय होता ते त्यांनी नीट दाखवलं म्हणून लिहिते. हातपेटीत भाता हवा बाहेर ढकलतो, आमच्यासारख्या पेटीत उलटं, पायडल मारलं की भाता हवा आत ओढतो आणि बाहेरची हवा सुरांमधनं आत शिरते. म्हणून भात्याला बारीक भोक असलं तरी सगळा दम जातो. आमच्या भात्याचं कापड घड्यांवर चिरलेलं आणि खालनं उंदरांनी कुरतडलेलं. पट्ट्यांखालच्या लोकरी कापडाला कसर. पितळी सुरांवर हिरवं चढलेलं, दोन मुके आणि एक चिरलेला. चिरलेल्याच्या जागी त्यांनी कुठल्याशा नाटकमंडळीच्या मोडीत निघालेल्या पेटीतला सूर घातला आणि घासून आमच्या स्वराला आणला. टोकाकडे घासलं की स्वर चढतो, मुळाकडे घासलं की उतरतो, हे मला समोर करून दाखवलं. घाई नाही, आणि एकाही प्रश्नाला कंटाळा नाही.

खर्च 7,800 झाला, त्यात भाता पूर्ण नवीन. पिकअपचे जाऊन येऊन 2,200 वेगळे, कारण न्यायची-आणायची सोय त्यांच्याकडे नाही. आधी सांगितलेल्या आकड्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही, पण छापील बिल मिळत नाही, आमच्या खजिनदारांना हाताने लिहिलेल्या कागदावर सही घ्यावी लागली. संस्थेचा पैसा असेल तर हे आधी बोलून घ्या.

स्टार कापला तो वेळेसाठी. दहा दिवस म्हणाले, लागले एकोणीस. मध्ये चार दिवस फोनच उचलला नाही, आणि इकडे तारीख जवळ येत होती, मी रात्री उठून बसायचे. नंतर कळलं की भात्याला मनासारखं कापड मिळत नव्हतं म्हणून थांबले होते. कारण मला मान्य आहे पण एक फोन करायला हवा होता. श्रावण आणि चवथीच्या तोंडावर तर अजिबात नेऊ नका, तेव्हा पडवीत पाय ठेवायला जागा नसते म्हणे.

मागच्या बुधवारी संध्याकाळी पेटी आली. बाहेर धो धो पाऊस, प्रॅक्टिसला अकरा जण. मी वाजवायला बसले, हात चाचपडत होते, सासूबाई पुढच्या बाकावर. दुसऱ्या कडव्याला त्या श्वास घ्यायला थांबल्या तशी मीही पायडल धरून थांबले, सगळे थांबले, आणि मग सगळ्यांनी एकदम पुढची ओळ उचलली. इतक्या महिन्यांत असा आवाज ऐकला नव्हता.

पावसाची हवा लागून मधली एक पट्टी फुगलीय, दाबली की वर यायला वेळ घेते. काकांना फोन केला, ह्या वेळी पहिल्याच रिंगला उचलला, शनिवारी स्वतः येऊन बाजूने घासून देतो म्हणाले, पैसे नको. साहेबांची पहिली उपासना रविवारी. काका आले की इथे लिहीन आणि कापलेला स्टारही परत देईन.