दिवाळसणाला दिलेली १६ टीबीची एसएसडी बनावट निघाली

मुलगा, सून, जावई, भाऊ आयटीत असेल आणि सणाला त्याला कामाची वस्तू द्यायचा विचार असेल, तर मोबाइलवर दिसणाऱ्या स्वस्त १६ टीबीच्या एसएसडीपासून, म्हणजे लॅपटॉपला बाहेरून लावून फायली साठवायच्या डिस्कपासून, चार हात लांब राहा. आमच्या घरात या वस्तूने पैशांपेक्षा मोठं नुकसान केलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सांगली, मिरज, तासगाव, विटा, कुठेही बघा, प्रत्येक गल्लीतलं एखादं तरी पोरगं हिंजवडीला, खराडीला नाहीतर बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळीला ती घरी येतात तेव्हा त्यांना काय द्यावं हा आईवडिलांपुढे प्रश्नच असतो. कपडे त्यांचे ते घेतात. त्यांच्या कामाच्या वस्तूंची नावं आपल्या तोंडात बसत नाहीत. ठगांनी नेमकी हीच अडचण हेरली आहे.

आमच्या मुलीचा पहिला दिवाळसण होता. जावई पुण्यात सॉफ्टवेअर डेव्हलपर. अंगठी लग्नातच झाली होती. मुलगी म्हणाली, "पप्पा, त्याचा लॅपटॉप सारखा भरतो. बाहेरून लावायची एसएसडी द्या, रोज वापरेल." मागणी अगदी योग्य होती. या लोकांच्या कामात व्हर्च्युअल मशीनच्या फायली, डेटाबेसचे बॅकअप असं पन्नास-शंभर जीबी सहज साठतं.

त्याच आठवड्यात मोबाइलवर जाहिरात आली. १६ टीबी (म्हणजे साधारण सोळा हजार जीबी), दिवाळी ऑफर, १८,९९९ ची वस्तू २,७९९ ला, पैसे माल मिळाल्यावर. दिलेल्या नंबरवर मी फोन केला. बोलणारा माणूस शुद्ध मराठीत, अदबीने बोलला. कंपनीचा जुना स्टॉक काढतोय, सात दिवसांत परत घेऊ, बिल डब्यातच असेल, अशी एकेक खात्री त्याने दिली. यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. पार्सल आलं तेव्हा आधी पैसे, मग डबा. कुरिअरवाल्या पोराला सहसा डबा उघडून दाखवायची परवानगी नसते. म्हणजे माल मिळाल्यावर पैसे असले, तरी माल बघायच्या आधीच पैसे जातात. डब्यात बिल नव्हतं, पण वस्तू वजनदार, बाहेरून धातूची, चकचकीत. संगणकाला लावली तर त्यानेही १६ टीबी दाखवले.

पाडव्याला जावयांना ओवाळून तबकात ती दिली. पुढे मुलीने लग्नाचे फोटो त्यात भरले. हळदीच्या दिवशी मावश्यांनी, चुलत भावंडांनी मोबाइलवर काढलेल्या क्लिपा तिने एकेकाकडून मागून जमवल्या होत्या, त्याही टाकल्या आणि फोन मोकळा केला. काही दिवसांनी क्लिप उघडायला गेली तर उघडेना. दुसरी, तिसरी, तीच गत. फायलीचं नाव दिसतंय, तारीख दिसतेय, एवढ्या एमबीची आहे असंही दिसतंय, आत मात्र काही नाही. फोटोग्राफरकडे त्याच्या फोटोंची प्रत होती, ते परत मिळाले. क्लिपांतल्या बऱ्याच कायमच्या गेल्या. माझ्या आईचा ओव्या म्हणतानाचा एक व्हिडिओ त्यात होता. तो पुन्हा कुणाकडेच सापडला नाही.

जावयांनी माझ्यासमोर बारक्या स्क्रू-ड्रायव्हरने ती डिस्क उघडली. आत नखाएवढं ६४ जीबीचं मोबाइलचं मेमरी कार्ड, एका हिरव्या पट्टीला गोंदाने चिकटवलेलं. वजन यावं म्हणून शेजारी लोखंडाचा तुकडा. बस्स, एवढंच.

मग संगणकाने १६ टीबी कसे दाखवले? जावयांनी सांगितलं ते असं. डिस्क किती मोठी आहे हे संगणक स्वतः मोजत नाही, डिस्कच त्याला सांगते. त्या हिरव्या पट्टीतल्या चिपमध्ये खोटा आकडा भरून ठेवलेला असतो. पहिले ६४ जीबी खरोखर लिहिले जातात. त्यानंतरचं एकतर हवेत जातं, नाहीतर आधीच्याच फायलींवर चढतं. फायलींच्या नावांची यादी सुरुवातीच्या भागात असते, ती शाबूत राहते, म्हणून सगळं जागेवर असल्यासारखं वाटतं. मी जन्म मार्केट यार्डात काढला. पोत्याच्या तोंडाशी पिवळीधमक राजापुरी हळद आणि खाली माती, हा प्रकार तसलाच. फक्त इथे पोतं ओतून बघायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

ओतून बघायची सोय आहे आणि ती फुकट आहे. विंडोजवर 'एचटूटेस्टडब्ल्यू', लिनक्स आणि मॅकवर 'एफथ्री' नावाचा प्रोग्राम मिळतो. तो डिस्क काठोकाठ भरतो, मग सगळं परत वाचून ताडून बघतो. नवी, रिकामी असतानाच हे करून घ्या. मोठ्या डिस्कला बरेच तास लागतात, लागू द्यात. भेट म्हणून दिलीत तरी देताना पोरांना सांगा, तपासल्याशिवाय यात काही ठेवू नका. एक मात्र ध्यानात असू द्या: खऱ्या १ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी दाखवतं. ती फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.

आकड्यावरूनही बरंच कळतं. नामांकित कंपन्यांच्या खिशात मावणाऱ्या एसएसडी साधारण ४ टीबीपर्यंत, फार तर ८ टीबीच्या असतात. मी नंतर सांगलीतल्या दुकानात चौकशी केली, तर खऱ्या १ टीबीलाच मी दिलेल्या पैशांच्या दुपटीहून जास्त पडत होते.

विकणाऱ्याचा नंबर आता लागत नाही. पार्सलवरचा पत्ता परराज्यातल्या एका गोदामाचा, नाव तिसरंच. तरीही तक्रार केलीच पाहिजे, २,७९९ रुपयांसाठी कोण हिंडणार या आपल्या कंटाळ्यावरच हे लोक जगतात. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच, त्याच तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्या व्यासपीठाला आपलं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव दाखवावंच लागतं. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं असतं. जाहिरातीत हे काहीच नसेल तर पुढे जाऊच नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, विक्रेता कुठलाही असो, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पार्सलवरचं लेबल, डबा उघडतानाचा सलग व्हिडिओ, हे सगळं जपून ठेवा. आमच्याकडे लेबल आणि फोनवरचे मेसेज होते, त्यावर तक्रार दाखल झाली आहे.

यंदा घ्यायचीच असेल तर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, डब्यावरचा सिरियल नंबर दुकानातच कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघा, आणि जीएसटीचं पक्कं बिल द्यायला दुकानदार कां-कूं करत असेल तर तिथूनच परत फिरा.