जुनं टर्नटेबल घेताय? आधी त्याच्या स्ट्रोब डिस्कवरच्या रेघा मोजा

अमेरिकेहून आलेलं, "२३० व्होल्टला कन्व्हर्ट केलेलं", फुल सर्व्हिस केलेलं विंटेज टर्नटेबल कोणी तुम्हाला विकत असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. थॉरेन्स टीडी १६० घेताना मला बासष्ट हजार आणि वर "पॉवर कंडिशनर"चे आठ हजार असा चुना लागलाय, आणि लावणारा माणूस भंगारवाला नव्हता, आपल्यातलाच होता, म्हणजे कार्ट्रिज, टोनआर्म, आरआयएए सगळं तोंडपाठ असलेला.

थोडं आधीचं सांगतो. मी या नादात ऐंशीच्या दशकापासून आहे. तेव्हा बाहेरच्या मालावर ड्युटी एवढी की कोणाचा तरी मेव्हणा दुबईहून येणार असेल तरच काही हाती लागायचं, नाहीतर आपलं कॉस्मिक नाहीतर सोनोडाइन, आणि तेही परवडत नसेल तर लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून घरी सोल्डर केलेला ॲम्प, ज्याची हम गाण्यापेक्षा जास्त. मग कॅसेट आली, सीडी आली, लोकांनी दमदमला छापलेल्या एचएमव्हीच्या एलपी रद्दीत घातल्या आणि आमच्यासारखे चारदोन येडे रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात उकिडवे बसून त्या उपसायचे. २०१६ मध्ये मुंबईतलं रिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान बंद झालं तेव्हा वाटलं संपलं सगळं. झालं उलटंच, विनाइल परत फॅशनमध्ये आलं, भाव चढले आणि भाव चढले म्हणल्यावर ही जमात पण आली.

तर हा गृहस्थ मुंबईच्या उपनगरात राहतो, जाहिरातीत फोटो एक नंबर. आधी फोनवर तासतासभर गप्पा, एकदाही "घ्या" म्हणून मागे लागला नाही, उलट "दादा तुम्ही येऊन बघा, ऐका, पटलं तरच". गेलो. फ्लॅटची एक खोली पूर्ण याच धंद्याला दिलेली, वॉल्व ॲम्प तापतायत, भिंतीला एलपी. मी माझ्या दोन रेकॉर्डी नेल्या होत्या, तर म्हणाला सुई नवीकोरी आहे, शुअर व्ही १५ टाइप थ्री कार्ट्रिजची (सुई जिच्यात बसते ती डबी) ओरिजिनल, तुमच्या रेकॉर्डवर धूळ असेल तर कशाला रिस्क, माझ्याकडची धुतलेली लावतो. आता शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणंच बंद केलंय, त्यामुळे ओरिजिनल सुई कोणी जपत असेल तर आपण काय बोलणार, मी पण माझी सुई अशीच जपतो. त्याने लावली कुठलीतरी परदेशी, नुसतं संथ सिंथेसायझर, ना गाणं ना ओळखीची चाल. आवाज मात्र जाड, भरदार. तो म्हणतो, "ऐका, याला म्हणतात ॲनालॉग वॉर्म्थ."

मग मी स्पीडचं विचारलं. तो याचीच वाट बघत होता. खोलीतले एलईडी बंद केले, जुन्या लोखंडी चोकवाली एक ट्यूबलाइट लावली ("खास स्ट्रोबसाठी ठेवलीय", मला तर कौतुकच वाटलं), प्लॅटरवर, म्हणजे रेकॉर्ड ठेवतात त्या फिरत्या तबकडीवर, स्ट्रोब डिस्क ठेवली (रेघा छापलेली चकती, स्पीड बरोबर असेल तर लुकलुकत्या उजेडात रेघा थांबलेल्या दिसतात) आणि सुरू केलं. रेघा जागच्या जागी थिजल्या. इतक्या स्थिर की माझ्या स्वतःच्या मशीनवर पण नसतात. मी व्हिडिओ सुद्धा काढला.

अर्धे पैसे यूपीआयने, अर्धे कॅश. पावतीचा विषय काढला तर हसला, "आपण काय दुकानदार आहे का दादा". सोबत तो ॲल्युमिनियमचा डबा, म्हणजे पॉवर कंडिशनर, "याच्याशिवाय थेट भिंतीच्या सॉकेटला लावायचं नाही हां". प्लॅटर वेगळी काढून, सस्पेन्शनचे स्क्रू कसून, गाडीत मांडीवर धरून पुण्याला आणलं.

घरी आल्यावर पहिली लावली ती नाट्यगीतांची एलपी, लहानपणापासून ऐकलेली. आमची ही आतून बाहेर आली आणि म्हणाली, "याला सर्दी झालीय का?" ती गाणं शिकवते, तिने पेटी ओढली आणि सूर धरून बघितला. गाणं काळी एकचं, आणि वाजतंय काळी पाचच्या पण किंचित खाली. सव्वातीन नाही म्हणता येणार पण पेटीच्या तीन पट्ट्या पूर्ण आणि अजून थोडंसं उतरलेलं. ठेका पण रेंगाळतोय. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालली. तो जाड भरदार आवाज म्हणजे दुसरं तिसरं काही नव्हतं, रेकॉर्ड हळू फिरत होती.

मग रेकॉर्डच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बसलो. ही टेस्ट फुकट आहे आणि कुठेही होते, ३३⅓ स्पीडला तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला पाहिजेत. झाले ८३. परत मोजले, परत ८३.

आता यातली गंमत (म्हणजे माझे पैसे गेले नसते तर गंमत). टीडी १६० ची मोटर सिंक्रोनस आहे, ती व्होल्टेजवर नाही, विजेच्या फ्रीक्वेन्सीवर फिरते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. म्हणून थॉरेन्स दोन्हीकडे वेगवेगळी पुली (मोटरच्या टोकाची चाकी, जी बेल्टने प्लॅटर फिरवते) लावायचे, ६० वाल्याची पुली बारीक. ती बारीक पुली आपल्याकडे लावली की स्पीड पाच-षष्ठांश होतो, ३३⅓ चे २७.८. व्होल्टेज उतरवून यात काडीचा फरक पडत नाही. मग स्ट्रोबच्या रेघा थांबल्या कशा? कारण डिस्क पण अमेरिकेचीच होती. ५० हर्ट्झच्या डिस्कवर ३३ साठी १८० रेघा असतात, ६० च्या डिस्कवर २१६. आपल्या चोकवाल्या ट्यूबखाली, जी सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, २१६ रेघांची डिस्क थांबलेली दिसते ती बरोबर २७.८ ला. म्हणजे चुकीच्या स्पीडला चुकीची डिस्क परफेक्ट बसते. साध्या डिस्कवर दोन्ही रिंगा छापलेल्या असतात, ५० ची आणि ६० ची. याच्या डिस्कवर एकच होती, मी नंतर व्हिडिओ थांबवून थांबवून पाव भागातल्या रेघा मोजल्या, ५४ भरल्या. चौपट करा, २१६. हे अज्ञानातून झालं असं कोणी म्हणत असेल तर म्हणो, ज्याने दुसरी रिंग नसलेली डिस्क शोधून ठेवलीय आणि एलईडीच्या जमान्यात चोकची ट्यूब जपलीय त्याला सगळं माहीत होतं.

मशीनच्या खालची हार्डबोर्डची फळी उघडली तर मोटरवरचा ६० हर्ट्झचा स्टिकर खरवडलेला, नखाने चाचपला की लागतो. पॉवर कंडिशनर उघडला तर आत २३० ते ११० चा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर, अमेरिकेहून आणलेल्या मिक्सरला लावतात तसला, बाजारात हजार-दीड हजाराला मिळतो. आणि सुई मुलाच्या यूएसबी मायक्रोस्कोपखाली धरली. व्ही १५ च्या सुईला अख्खा छोटा हिरा असतो, इथे धातूच्या बुडख्यावर हिऱ्याचा कण चिकटवलेला, गोंदाचा ओघळ स्पष्ट दिसत होता, आणि बाहेरच्या प्लास्टिकवर शुअरचं नाव छापून लावलेलं. कार्ट्रिजची बॉडी तेवढी खरी. घासाघीस करून त्याच्याकडून घेतलेल्या चार एलपींची पण तीच कथा, आरशासारख्या चमकत होत्या, दोनतीनदा वाजवल्यावर सुईवर करडा चिकट लगदा. कसलातरी स्प्रे मारून ओरखडे झाकलेले.

फोन केला. पहिल्यांदा म्हणाला तुमच्याकडची लाइट खराब असेल. मग म्हणाला बेल्ट नवा आहे, शंभर तास चालू द्या, सेट होईल. मी ८३ फेऱ्यांचा हिशोब सांगितला तेव्हा जरा थांबला आणि म्हणाला, "हां मग पुली बदलावी लागेल, जर्मनीतून मागवतो, पाच हजार ॲडव्हान्स टाका." इथे सावध राहा, बऱ्याच जणांकडून तो हा दुसरा हप्ता पण काढतो, कारण एवढे घातल्यावर माणूस म्हणतो पाच अजून, निदान चालू तरी होईल. मी टाकले नाहीत, पैसे परत मागितले, ब्लॉक केलं त्याने.

पोलीस चौकीत गेलो, त्यांनी अर्ज घेतला पण सूर असा की हा व्यवहाराचा वाद आहे, वस्तू तर मिळाली ना तुम्हाला. फसवणुकीचं कलम पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, पण मुळात त्याला माहीत होतं हे दाखवावं लागतं, आणि चौकीतल्या साहेबांना २१६ रेघा समजावणं म्हणजे काय ते मी भोगलंय. एकदोन ग्रुपवर विचारलं तर म्हणे तो चांगला माणूस आहे, आमच्यात आहे कितीतरी वर्षं. त्यातल्या एकाने पण त्याच्याकडून घेतलेल्या मशीनचे फेरे मोजलेले नव्हते.

मशीनचं म्हणाल तर भोसरीत एका लेथवाल्याकडून पितळेची पुली करून घेतली, जुनीच्या १.२ पट व्यासाची, दोन्ही स्टेप (३३ ची आणि ४५ ची), मध्ये हलका फुगवटा ठेवून म्हणजे बेल्ट सरकत नाही. हजाराच्या आत झालं काम. आता तीन मिनिटांत १०० फेरे होतात. सुई जपानच्या जिको कंपनीची मागवलीय. डबा वापरावाच लागतो, मोटर ११० चीच आहे.

परवा दुसऱ्या नावाने त्याची नवी जाहिरात दिसली, यावेळी दुसरं बेल्ट ड्राइव्ह, वर्णन तेच, "यूएसए इंपोर्ट, स्ट्रोब टेस्टेड". कोणी त्याच्याकडून घेतलं असेल तर आधी कपटा लावून फेरे मोजा, ८३ भरले तर चॅट, यूपीआयची एंट्री, व्हिडिओ काही डिलीट करू नका आणि मला कळवा. एकट्याच्या अर्जाला व्यवहाराचा वाद म्हणतात, तिघाचौघांचे एकाच पद्धतीचे अर्ज असले तर तसं म्हणणं त्यांना जड जाईल.