प्रीतिभोजन : प्लेटचा ठेका की बिछायत आणि आचारी?

प्रीतिभोजन म्हणजे चर्चच्या मंडळीने रविवारच्या उपासनेनंतर एकत्र घेतलेले जेवण. दीडशे माणसांचे काढायचे म्हटले की नागपुरात दोन वाटा. प्लेटमागे दर ठरवून सगळे कॅटररवर सोपवायचे, नाहीतर बिछायत केंद्रातून, म्हणजे भांडी भाड्याने देणाऱ्या दुकानातून, गंज (मोठी पातेली) आणि भट्टी आणायची, आचारी वेगळा ठरवायचा आणि वाढप मंडळीनेच करायचे. चवीत कॅटरर उणा नाही. पोळ्या तर त्याच्याच मऊ. तरीही आमचा कौल बिछायतीला.

कॅटररच्या बुफेत काय होते ते पाहा. उपासनेचा शेवटचा आशीर्वाद झाला की रांग लागते ती कुटुंबाकुटुंबाने, आणि प्लेटा घेऊन तीच कुटुंबे खुर्च्यांचे गोल करून बसतात. एकटी आलेली आजी रांगेत ताटकळते. शिकायला शहरात आलेला नवा मुलगा भिंतीला टेकून चार घास खातो आणि निघतो. तरुण संघ मोबाइलवर, कारण वाढणारी पोरे कॅटररची. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला झापले ते याच कारणावरून (१ करिंथ ११:२१): जो तो आपले जेवण आधी उरकतो. शिवाय प्लेटमागे दर म्हटला की घरटी माणसे मोजून वर्गणी आली. मग सहा माणसांचे घर नेमके त्याच रविवारी आजारी पडते. बिनानावाचे पाकीट आणि शिधा हा उपाय चांगला. डाळ, तेल, कांदे, साखर घराघरातून घ्या. तांदूळ मात्र एकाच पोत्यातला हवा. दहा घरचा जुना-नवा तांदूळ एका गंजात पडला की अर्धा गिचका, अर्धा कच्चा.

दीडशे माणसांना, मुले धरून, एचएमटी तांदूळ १३ किलो, तूरडाळ ६, कणीक १० आणि हाडासकट चिकन २५ किलो पुरते. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, चिकनऐवजी वांगी-आलू. गॅसचा १९ किलोचा सिलिंडर एक चालू, एक राखीव. आचाऱ्याला सावजी हात मोकळा सोडू देऊ नका: रस्सा मध्यम, तर्री वेगळ्या बकेटीत. लेकरे आणि म्हातारी माणसे पाणी पीत बसली तर पंगत रेंगाळते.

गंज घेताना आत डोकावा. पितळी गंजाची कल्हई उडून तळाशी पिवळे दिसत असेल तर बदलून मागा, कारण कढी किंवा चिंचेची आमटी त्यात कळकते. बिछायत केंद्रांची मोठी खोट हीच. दुसरी म्हणजे भट्टीच्या गळक्या नळ्या. साबणाचे पाणी लावून तिथेच तपासून घ्या.

आचाऱ्याला उपासना सुरू होण्याची नव्हे, संपण्याची वेळ सांगायची. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) रविवारी ती सहज अर्धा तास लांबते, तेव्हा भात विधी सुरू झाल्यावरच चढवा. सकाळी आठला शिजवून झाकून ठेवलेला भात नागपूरच्या मे महिन्यात दुपारपर्यंत आंबूस होतो.

आता पंगत. पन्नास-पन्नासाच्या तीन, प्रत्येकी पंचवीस मिनिटे. पहिलीत वृद्ध, एकटे राहणारे, मुले आणि नवे आलेले. पाळकसाहेब आणि कमिटी शेवटच्या पंगतीत. पत्रावळी मांडतानाच जागा ठरवून द्या, एका घरची माणसे लागोपाठ बसवू नका. सुरुवातीला कुरकुर होते, वरण येईस्तोवर ओळखी निघतात. पन्नास पानांना दहा वाढपी लागतात: पोळीला तीन, भात-वरणाला चार, रस्सा-भाजीला दोन आणि पाण्याला एक. तो दहावा नेमायचे हमखास राहून जाते. यरुशलेमच्या मंडळीतही हेल्लेणी (ग्रीक बोलणाऱ्या) विधवांना वाटणीत डावलले जाते अशी कुरकुर झाली, तेव्हा वाढपासाठी सात माणसे निवडावी लागली (प्रेषितांची कृत्ये ६). वाढप हे हलके काम नव्हेच.

अंथरुणाला खिळलेल्यांचे डबे पहिल्या पंगतीच्या आधी भरा. उरलेले भरून पाठवले की ते घरच्यांना लगेच कळते. डबा नेणाऱ्याने दारातून परतू नये, दहा मिनिटे बसावे.

मराठी आणि इंग्रजी अशा दोन उपासना असतील तर जेवण दोहोंच्या मध्ये ठेवा. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चसंस्था एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली ती याच नागपुरात. पण एकाच आवारातल्या दोन उपासनांची माणसे चहासुद्धा वेगवेगळा घेतात, हे चित्र अजून दिसते.

भांडी मंडळीनेच घासायची. महिला मंडळावर सगळे टाकू नका, घासणाऱ्यांत निम्मे पुरुष हवेत. मोरीवरच्या गप्पांतून कोणाच्या घरी काय अडले आहे ते कमिटीच्या बैठकीपेक्षा लवकर कळते. परत देताना झारे, पळ्या आणि बकेटी आणतानाच्या यादीशी मोजून टिपणावर सही घ्या. हरवल्या वस्तूचे पैसे अनामतीतून कापतात. डिसेंबरात लग्ने आणि नाताळ एकदम येतात, तेव्हा निदान महिनाभर आधी गंज आणि आचारी दोघांनाही बयाणा देऊन ठेवा.