सिमरोलपुढचा मोकळा गोठा आणि त्याचे 'देशी' दूध : वर्षभरानंतरचा अभिप्राय

खंडवा रस्त्यावर सिमरोलच्या पुढे असलेल्या एका गोठ्यातून आमच्या इंदूरमधल्या टिळकनगरच्या घरी गेले वर्षभर रोज एक लिटर दूध येत आहे. काचेच्या बाटलीवर 'देशी गाय, मुक्त चराई' एवढेच छापलेले असते. त्यातली मुक्त चराई खरी आहे. 'देशी' हा शब्द मात्र अपुरा आहे, असे तिथे दोनदा जाऊन आल्यावर माझे मत झाले.

पहिल्यांदा मे महिन्यात, मुद्दाम भर दुपारी दोन वाजता गेलो. दावणीला एकही जनावर नव्हते. पांढुरक्या-करड्या माळवी गाई उघड्या माळावर वाळलेल्या गवताची खुंटे ओढत होत्या, फुगीर कपाळाच्या आणि पानासारख्या वळलेल्या कानांच्या गीर गाई बाभळीखाली रवंथ करत होत्या, आणि दोन जर्सी संकरित गाई मात्र पाण्याच्या हौदाला टेकून, तोंडाने लाळ गाळत धापा टाकत होत्या. वशिंडाच्या, म्हणजे देशी, गाईला घर्मग्रंथी अधिक असतात, केस आखूड आणि चकचकीत असतात, गळ्याखालच्या लोंबत्या पोळीमुळे आणि सैल कातडीमुळे अंगातली उष्णता बाहेर टाकायला जागा मिळते, हे सगळे खरे. पण फारसे न सांगितले जाणारे कारण असे की ती दूधच कमी देते. दूध तयार होताना शरीरात बरीच उष्णता निर्माण होते, आणि ज्या गाईला दिवसाला वीस लिटर द्यायचे नसतात तिला तेवढी उष्णता बाहेर टाकावी लागत नाही. गोठ्यावरच्या माणसाने माळवी गाईचे दूध दोन्ही वेळचे मिळून तीन-चार लिटर सांगितले, तेही वासराला आधी पाजून तिने पान्हा सोडल्यावर.

ऑगस्टमधल्या दुसऱ्या भेटीत चित्र बदललेले होते. माळव्याची काळी माती पावसात कशी होते हे इंदूरकरांना सांगायला नको. चपलेला दोन पावलांत शेरभर चिखल लागतो. त्या चिखलात माळवी गाई खूर उचलून संथपणे चालत होत्या, कारण याच मातीत नांगर आणि गाडी ओढण्यासाठी ही जात पिढ्यानपिढ्या वाढवली गेली. एक गीर गाय मात्र खुरांच्या बेचक्यात जखम होऊन लंगडत होती आणि तिला कोरड्या फरशीवर बांधावे लागले होते. एका गाईवरून जातीचा निवाडा करू नये, हे मान्य. तरीही गीरचे घर सौराष्ट्रातल्या गीरच्या डोंगराळ भागात आहे, इथे नाही. सह्याद्रीच्या धुवाधार पावसात टिकणारी डांगी जातीची गाय पाहा : तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो आणि खूर काळे, टणक असतात. देशी म्हणजे कोणत्या देशची, हा प्रश्न म्हणूनच बाटलीवर सुटायला हवा होता. चौकशी केल्यावर कळले की बाटलीतले बहुतेक दूध गीरचे असते, तर माहितीपत्रकावर छायाचित्र माळवी गाईचे असते.

त्याच पत्रकातले 'देशी गाय आजारी पडत नाही' हे वाक्यही काढून टाकावे. गोचिडांना या गाई संकरित गाईंपेक्षा कमी बळी पडतात हे खरे, पण 2022 मध्ये लम्पी या त्वचारोगाच्या साथीने गुजरात आणि राजस्थानात देशी गाईही मोठ्या संख्येने दगावल्या. लसीकरणाची नोंदवही या गोठ्यावर व्यवस्थित ठेवलेली आहे. ती दाखवणे हीच अधिक चांगली जाहिरात ठरली असती.

दूध स्वतः उत्तम आहे. साय जाड धरते, विरजण घट्ट लागते, आणि श्रावणात कढवलेले तूप उन्हाळ्यातल्या तुपापेक्षा ठळक पिवळे निघाले, ते हिरव्या चाऱ्यातल्या रंगद्रव्यामुळे. उन्हाळ्यात गाईंना गव्हाचा आणि सोयाबीनचा भुसाच असतो. तक्रार सेवेची आहे. पावसाळ्यात पाच दिवस गाडी आली नाही आणि बिलात ते पाचही दिवस धरलेले होते. तीनदा फोन केल्यावर रक्कम पुढच्या महिन्यात वळती झाली.

पाचपैकी साडेतीन तारे. दूध चालू ठेवत आहे, मात्र माळवीचे दूध वेगळ्या बाटलीत, थोडे महाग का होईना, देण्याची विनंती मी लेखी केली आहे. गोठा पाहायला जायचे असेल तर दिवाळीनंतरच्या आल्हाददायक हवेत जाऊ नका, तेव्हा संकरित गाईही खुशाल चरताना दिसतात.