कमांडो ट्रेनिंगचे तीन शो: भरतीची तयारी करणाऱ्याने कोणता बघावा?

सोलापुरात पोलीस, एसआरपीएफ (राज्य राखीव पोलीस दल) किंवा अग्निवीर भरतीसाठी पळणाऱ्या पोरांकडे वेळ कमी असतो. म्हणून बघायचा असेल तर एकच शो बघा, पण त्यातून नेमकं काय हवं ते आधी ठरवा.

मनाची कसोटी बघायची असेल तर ब्रिटनच्या चॅनल फोरचा 'एसएएस: हू डेअर्स विन्स' (२०१५ पासून) सगळ्यात कसदार. एसएएस म्हणजे ब्रिटिश लष्कराचं कमांडो दल; त्याच्या निवडीसारख्या चाचण्या इथे साध्या माणसांना देतात. इथे स्पर्धक नंबराने ओळखला जातो. प्रेक्षकांची मतं नाहीत, बक्षिसाची रक्कमही नाही. झेपेना झालं की दंडावरची पट्टी काढून प्रशिक्षकाच्या हातात द्यायची आणि निघायचं. प्रशिक्षक स्पेशल फोर्सेसमधून निवृत्त झालेले. शेवटी चौकशीचा टप्पा येतो: डोळे झाकलेले, कानात कर्कश आवाज, तासन्‌तास एकाच अवघड स्थितीत. झोप आणि अन्न तुटलेलं असतं, त्यामुळे दणकट गडीही तिथे ढासळतात. २०१९ पासून बायकाही पुरुषांसोबत याच चाचण्या देतात.

तरी ही खरी निवड नव्हे. एसएएसची खरी निवड कित्येक महिने चालते. तिचा पाया म्हणजे वेल्सच्या डोंगरात जड पिट्ठू (पाठीवरची सॅक) घेऊन, नकाशा बघत, एकट्याने चालणं. डोंगरातली शेवटची चाल सुमारे ६४ किलोमीटरची, अंदाजे २० तासांत. त्या एकटेपणात ओरडणारंही कोणी नसतं, आणि टीव्हीवर नेमकं तेच दाखवता येत नाही.

फॉक्सचा 'स्पेशल फोर्सेस: वर्ल्ड्स टफेस्ट टेस्ट' (२०२३) याच साच्यातला, पण स्पर्धक सगळे सेलिब्रिटी. करमणुकीपुरता ठीक.

भरतीवाल्याला आम्ही डिस्कव्हरीचा 'ब्रेकिंग पॉइंट: कमांडो स्कूल बेळगाव' सुचवू. यात पट्टी काढण्याचं नाट्य नाही, पण आपल्या लष्कराची खरी शाळा आहे: अडथळे, दोरखंड, भार घेऊन धाव आणि उस्तादांची (प्रशिक्षकांची) आपल्या कानाला ओळखीची भाषा.

मात्र यातलं काहीही तुमच्या गुणपत्रिकेत येत नाही. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर (२० गुण), १०० मीटर (१५) आणि गोळाफेक (१५). एसआरपीएफला ५ किलोमीटरचे एकट्याचे ५० गुण. तिथे पिट्ठू नसतो, वेळ मोजतात.

शो बघून नक्कल करणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक उन्हाच्या बाबतीत होते. शोमधला रगडा बऱ्याचदा थंड पाण्यातला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर. जुलै २०१३ मध्ये वेल्समध्ये अशाच निवड चालीत तीन राखीव सैनिक उष्माघाताने गेले, आणि तिथे तेव्हा ४० अंश नव्हते. कष्ट करणारे स्नायू आतून उष्णता निर्माण करतात, आणि पाठीवरच्या ओझ्याखाली घाम सुकत नाही. जिद्दीचा माणूस तर थांबतच नाही.

म्हणून उन्हाळ्यात पळणं सूर्य वर येण्याआधी संपवा. गावाकडून किंवा थंड ठिकाणाहून आला असाल तर पहिले १० ते १४ दिवस वेग कमी ठेवा. वाळूची सॅक लावून दुपारी पळू नका. सोबतचा बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजा: सावलीत न्या, बूट-कपडे सैल करा, अंगभर गार पाणी ओतत राहा, वारा घाला, १०८ ला फोन लावा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका.