सतरा दांड्यांचा अबॅकस, आठ महिन्यांनी: शून्याचं बटण घेऊ नका

डाव्या टोकाचं, सगळे मणी एका दाबात शून्यावर नेणारं बटण अखेर गेलं. १७ दांड्या, प्लास्टिकची चौकट, मधे आडवी पट्टी; प्रत्येक दांडीवर पट्टीच्या वर ५ चा एक मणी, खाली १ चे चार, आणि पट्टीला टेकलेले मणी तेवढे मोजायचे. रचना बहुतेकांना माहीत असते, त्यामुळे ती याहून जास्त सांगत बसत नाही. रोज साधारण २० मिनिटं असा आठ महिने वापर झाला. त्यानंतरची मुख्य तक्रार हे बटणच आहे.

ते पूर्ण मोडलं ते एका अर्थी बरंच झालं, कारण त्याआधीचे दोन महिने जास्त त्रासाचे होते. दाब डावीकडून यायचा आणि उजव्या टोकापर्यंत कमी पडायचा. शेवटच्या तीन दांड्यांचा वरचा मणी अर्धाच वर जाऊन लटकायचा, आणि एकक-दशक मांडायची जागा नेमकी तीच. डोळ्यांना तिथे शून्य दिसतं. मग ३ मांडायला अंगठ्याने तीन मणी वर सरकवले की धक्क्याने तो लटकलेला मणी आडव्या पट्टीला टेकतो आणि ३ चे ८ होतात. बेरजेची रीत बरोबर, बोटं बरोबर, उत्तर मात्र चूक. शिकणाऱ्याला वाटतं की आपल्याला सूत्रच आलेलं नाही, आणि तो बरोबर असलेली गोष्ट बदलायला जातो. या बटणावरचा राग त्यासाठी आहे.

ही चूक ओळखता येते. आलेलं उत्तर आणि खरं उत्तर यांतला फरक काढा. तो ५, ५० किंवा ५०० असेल तर आधी वरचा मणी तपासा. फरक १० किंवा १०० असेल तर हातचा राहिलेला असतो. एखादा अंक एक दांडी अलीकडे-पलीकडे पडला असेल तर फरकाला ९ ने भाग जातो: ४ च्या जागी ४० पडले, फरक ३६. आणि १० च्या जोडीतला अंक (बेरीज १० होणारा जोडीदार, जसा ८ चा २) वजा करायच्या ऐवजी मिळवला गेला तर फरक त्याच्या दुप्पट येतो. ७ + ८ करताना २ काढून १० द्यायचे असतात. २ मिळवले गेले तर १५ ऐवजी १९ येतात, फरक ४. नुसती फुली मारण्यापेक्षा वहीत हा फरक लिहून ठेवला तर आठवड्याभरात कळतं की दोष बोटाचा, सूत्राचा की चौकटीचा.

विक्रेत्याचं उत्तर होतं की सुटा भाग मिळत नाही, नवीन घ्या. चौकट चिकटवलेली आहे, स्क्रू नाहीत, म्हणजे उघडून दुरुस्तीही नाही. एका बटणापायी १७ चांगल्या दांड्या टाकून देणं पटलं नाही. हाताने शून्य करायला तीन सेकंद लागतात. चौकटीची वरची कड उचला म्हणजे सगळे मणी खाली घसरतात. खालचे चार पट्टीपासून दूर होतात, वरचा मात्र पट्टीवर येऊन बसतो. मग चौकट सपाट ठेवायची आणि तर्जनी पट्टीच्या वरच्या कडेने डावीकडून उजवीकडे एका ओढीत फिरवायची. वरचे मणी वर जातात. बोट प्रत्येक दांडीवरून जात असल्यामुळे अर्धा लटकलेला मणी लगेच जाणवतो, बटण दाबताना तो जाणवत नव्हता.

मण्यांबद्दलचं मत मात्र बदललं. सुरुवातीला ते फार घट्ट वाटले होते, चौकट तिरकी करूनही अर्धे जागचे हलत नसत. तिसऱ्या महिन्यापर्यंत मोकळे झाले आणि आता अगदी हवे तसे आहेत: तिरकं केलं की घसरतात, शेजारच्या दांडीवर बोट चालताना हलत नाहीत. तेल घालू नका, धूळ चिकटून आणखी अडतात. कोरडा मऊ ब्रश पुरतो.

बोटांची शिस्त पहिल्या आठवड्यातच लावा, नंतर मोडणं फार अवघड जातं. अंगठ्याचं काम एकच, खालचे मणी वर ढकलणं. ते खाली घेणं आणि वरचा मणी दोन्हीकडे हलवणं, हे तर्जनीचं. ६, ७, ८, ९ मांडताना दोन्ही बोटं एकदम चिमटीसारखी येतात. ही पकड जमली नाही तर वेग कधीच येत नाही.

सूत्रांत लहान मित्र (५ ची जोडी) आणि मोठे मित्र (१० ची जोडी) सगळ्यांना लवकर येतात. अडतं ते दोन्ही एकत्र लागतात तिथे. ७ + ६ घ्या. मोठ्या मित्राप्रमाणे ४ काढून १० द्यायचे, पण खाली दोनच मणी वर आहेत, ४ काढायचे कुठून? म्हणून ४ काढण्यासाठी ५ चा मणी वर आणि खालचा एक मणी वर, मग डावीकडे १. खाली ३ उरतात, उत्तर १३. ६ मिळवताना हे फक्त दांडीवर ५ ते ८ असतील तेव्हाच लागतं. ९ वर लागत नाही, कारण ९ मध्ये खालचे चारही मणी वर असतात आणि ४ सरळ काढता येतात. कधी लागतं आणि कधी नाही, हे पाठ न करता मणी बघून ठरवायला लावा. बेरजेत आधी उजवी दांडी, मग हातचा. वजाबाकीत आधी डावीकडून १० उसने, मग जोडीतला अंक मिळवायचा.

ठिपक्यांची तक्रार छोटी, पण आपल्यासाठी खरी. पट्टीवर दर तिसऱ्या दांडीला ठिपका असतो, म्हणजे हजार, मग दहा लाख. आपले स्वल्पविराम हजार, लाख, कोटी असे पडतात. १२,३४,५६७ मांडताना ठिपक्यावर १ येतो आणि लाखाच्या जागी खूण नसते. लाख आणि कोटीच्या दांड्यांजवळ चौकटीवर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावला की काम भागतं. मात्र एककाची दांडी कायम ठिपक्याचीच धरा, दशांशाला उजवीकडे जागा उरते.

आकडे बोलून सांगताना आणखी एक अडचण येते. ‘सत्तेचाळीस’ म्हटलं की कानावर आधी ७ पडतात, पण मांडायचे आधी ४०. शब्द पूर्ण होईपर्यंत बोट थांबवायची सवय लागते. ‘एकोणपन्नास’ला तर मनात ५० मधून १ काढूनच ४ आणि ९ हाती येतात. सुरुवातीचे दोन महिने ‘चार, सात’ असे सुटे अंक सांगितले तर चुका खूप कमी होतात.

१३ दांड्यांवर बेरीज-वजाबाकी आरामात होते. गुणाकारात दोन्ही संख्या मांडून उत्तरालाही जागा लागते: तीन अंकी गुणिले तीन अंकी म्हणजे ३ + ३ + ६, बारा दांड्या, शिवाय मधल्या मोकळ्या. म्हणून १७ घ्या. त्यापुढच्या फारशा लागत नाहीत.

घेतल्याबरोबर १२३४५६७८९ ही संख्या लागोपाठ नऊ वेळा मिळवून बघा. आठव्या वेळी ९८७६५४३१२ आणि नवव्या वेळी ११११११११०१ यायला हवेत. दहा दांड्यांवरचे मणी यात वापरले जातात, अडणारा मणी सापडतो. मग तेच उरलेल्या दांड्यांवर करा. रोजच्या सरावाला १ ते १०० ची बेरीज चांगली: २४ पर्यंत ३००, ३६ पर्यंत ६६६, ७७ पर्यंत ३००३, शेवटी ५०५०. चूक कोणत्या टप्प्यात झाली ते तिथल्या तिथे कळतं.

या चौकटीवर दोन्ही आता बरोबर येतात. बटणाच्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा बसवून ते कायमचं अडवून ठेवलं आहे.